जोडधंदा करा, पण आमच्या बिलावर नको

खानदेशातील ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सर्व लोकनियुक्त सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

स.न.वि.वि.

आम्ही निवृत्त ग्रामसेवक, बांधकाम खात्यातले अभियंते आणि काही गवंडी. मोजमाप पुस्तिका, कीर्द आणि इतिवृत्त हेच आमचं आयुष्यभराचं काम. घरपट्टी-पाणीपट्टी आम्ही तुमच्याच कार्यालयात भरतो आणि तुम्ही मंजूर केलेले रस्ते आमच्याच दारावरून जातात. तुमच्यापैकी बहुतेकांना आम्ही भाऊ, आबा, नाना, ताई याच नावांनी हाक मारतो. म्हणजे हे पत्र हातात देता आलं असतं. ते सर्वांसमोर ठेवावं लागलं, कारण एका ग्रामसभेत 'सदस्यांच्या व्यवसायांची व हितसंबंधांची नोंदवही ठेवावी' असा लेखी विषय दिला गेला, तर इतिवृत्तात 'वेळेअभावी तहकूब' अशी एक ओळ पडली आणि पुढच्या विषयपत्रिकेतून विषयच गायब झाला. दुसरीकडे तोंडी उत्तर मिळालं, "कायद्यात कुठं लिहिलंय?"

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही पदावर असताना पोटापाण्याचा उद्योग करता, ही आमची तक्रार नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट झालं, तरी 2000 पर्यंत लोकसंख्येच्या गावात ते महिन्याला 6000 रुपयेच आहे, 8000 पर्यंत 8000 आणि त्यापुढे 10,000. साध्या सदस्याच्या हाती सभेच्या भत्त्यापलीकडे काही पडत नाही. एवढ्यात घर चालत नाही. शेती करा, केळीचा व्यापार करा, किराणा दुकान टाका, विम्याची एजन्सी घ्या, रिक्षा चालवा. वकील असाल तर वकिलीही करा. खासदार-आमदारांना वकिली करायला बंदी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्येच सांगितलं आहे. पूर्णवेळ पुढारी असण्यापेक्षा हाताला कष्ट असलेला सदस्य आम्हाला केव्हाही चालेल.

आमची तक्रार एकाच जोडधंद्याबद्दल आहे. ज्या संस्थेत तुमचं मत आणि तुमची सही चालते, त्याच संस्थेचं काम, पुरवठा किंवा परवाना तुम्ही स्वतः किंवा घरातल्या कुणाच्या नावे घेता, त्याबद्दल.

हे कायद्यात लिहिलेलं आहे. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 14 उघडून पाहा. पंचायतीच्या आदेशाने केलेल्या कामात, किंवा तिच्याशी झालेल्या करारात, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत हिस्सा असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961 चं कलम 16 तेच सांगतं आणि नगरपरिषद अधिनियम 1965 चं कलम 16 सुद्धा. आमदार-खासदारांना लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 चं कलम 9-अ लागू आहे. मंत्र्यांच्या आचारसंहितेत तर पद घेण्याआधी धंद्याच्या कारभाराशी संबंध तोडण्याची अट आहे. तेव्हा नियम नाही असं कुणी म्हणू नये. नियमाला वळसा घालायची वाट मळलेली आहे, एवढंच.

ती वाट कुठून जाते तेही सांगतो. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नगरपालिका सदस्याच्या प्रकरणात म्हटलं की मुलगा पालिकेच्या नोकरीत आहे, एवढ्या नात्यावरून वडील अपात्र होत नाहीत. त्यांचा स्वतःचा आर्थिक संबंध दाखवावा लागेल. निकाल कायद्याच्या दृष्टीने रास्त आहे. पण गावोगावी त्याचा अर्थ असा लावला गेला की फर्म पुतण्याच्या नावे, खातं मेहुण्याचं, ट्रॅक्टर आणि मिक्सर सदस्य भाऊंचा, आणि साइटवर सकाळी सात वाजता उभे तेच भाऊ. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज, त्यावर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील, आणि तोवर पाच वर्षं संपतात.

आता नुकसान काय होतं ते. त्याला मोठ्या घोटाळ्याची गरज नाही. गावातला शंभर मीटरचा काँक्रीट रस्ता पुरे.

रुंदी 3 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर (सहा इंच), म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. अंदाजपत्रकात एम-20 प्रतीचं काँक्रीट, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन असेल, तर घनमीटरला साधारण 8 पोती सिमेंट लागतं. एकूण 360 पोती. हा आकडा लक्षात ठेवा.

पहिली चोरी जाडीत. कडेला सहा इंची फळी लावतात, म्हणून बाजूने पाहणाऱ्याला सहा इंच पुरे दिसतात. मधला मुरूम मात्र खाली घेतलेलाच नसतो. मध्ये चार, कडेला सहा. सरासरी साडेचार इंच धरली तरी पाव भाग काँक्रीट गेलं, म्हणजे 90 पोती इथेच वाचली. उरलेल्या पावणेचौतीस घनमीटरमध्ये 8 ऐवजी 6 पोती टाकली की एकूण 200 च्या आसपास पोत्यांत रस्ता 'पूर्ण' होतो. बिल 360 चं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे पाणी दोन्ही बाजूंनी मारतं. मिश्रणात पोत्यामागे 25 लिटरच्या आसपास पाणी पुरतं. पण माल पाटीतून सहज घसरावा म्हणून मजूर 35-40 लिटर ओततात, कारण कुणी हटकत नाही. नंतर जिथे पाणी हवं तिथे ते नसतं. बाजारातलं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं. उष्ण, कोरड्या हवेत अशा काँक्रीटला किमान 14 दिवस ओलं ठेवावं, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 सांगतं. भुसावळ-जळगावचा मे महिना 44-45 अंशांचा. मातीचे वाफे बांधून पाणी साठवायला हवं, निदान गोणपाट ओलं राहायला हवं. प्रत्यक्षात दोन दिवस पाइपाने शिंपडतात आणि तिसऱ्या दिवशी त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर जातो. पहिल्या पावसाळ्यात वरची साय निघून खडी उघडी पडते, ती का, याचं उत्तर इथे आहे.

तिसरी गोष्ट जमिनीची. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते. खाली मुरुमाचा थर रोलरने दाबून घेतला नाही तर वरचं काँक्रीट कितीही चांगलं असो, लांबीच्या बाजूने चीर पडणारच. शिवाय दर साडेतीन-चार मीटरला कटरने सांधा कापायचा असतो, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल, आणि तोही ओतल्यापासून दिवसभराच्या आत. कटरचं भाडं वाचवलं की रस्ता स्वतःच सांधे पाडून घेतो, वाटेल तिथे.

हे सगळं साधा ठेकेदारही करतो, हे आम्हाला ठाऊक आहे. फरक पुढे पडतो. साधा ठेकेदार चुकला तर त्याला अडवायला चार जागा आहेत. शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत खरी जाडी लिहू शकतो. उपअभियंता तपासणीत ती कापू शकतो. मासिक सभा बिल रोखू शकते. दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायच्या काळात, रस्ता फुटला तर पंचायत नोटीस काढून अनामत जप्त करू शकते. ठेकेदारच सदस्य असला की चारही जागा एकदम बंद होतात. तुम्ही बांधकाम समितीवर बसता. ज्या अभियंत्याची बदली तुमच्या शब्दावर अडते किंवा सुटते, तो तुमच्या कामाला मध्ये चार इंच लिहील? बिल मंजूर करणाऱ्या सभेत हात तुमचाच वर. आणि दोषाची नोटीस कोण कुणाला काढणार? आमच्या पाहण्यात सदस्याच्या घरच्या कामावर दोषदायित्वाची नोटीस निघाल्याचं एकही उदाहरण नाही. शिपायापासून सगळ्यांचं एकच उत्तर: "आपला मानूस शे, काढी टाका बिल."

चाचणीचंही तेच. 31 ते 50 घनमीटर कामाला आयएस 456 प्रमाणे चार नमुने, प्रत्येकी तीन, म्हणजे ताकद तपासायचे 12 क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) लागतात. फाइलमध्ये अहवाल असतो आणि तो उत्तीर्णही असतो. क्यूब वेगळ्या मालाचे भरलेले असतात. क्यूब भरताना गावातली दोन माणसं उभी नसतील तर त्या अहवालाला कागदाच्या पलीकडे किंमत नाही.

डोंगलबद्दलही, म्हणजे डिजिटल सही करायच्या पेनड्राइव्हसारख्या यंत्राबद्दलही बोलायला हवं. वित्त आयोगाच्या निधीचं देयक सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल सहीने निघतं. दोन माणसं, दोन डोंगल, ही त्यातली सुरक्षा. कित्येक ठिकाणी दोन्ही डोंगल संगणक चालकाच्या खणात, पिनच्या चिठ्ठीसकट पडलेली असतात, कारण सरपंच साइटवर, नाहीतर जिनिंगवर, नाहीतर सुरतेला. ताई सरपंच असतील तर पुष्कळदा डोंगल त्यांनी पाहिलेलंही नसतं, फोन त्यांच्या यजमानांना जातो. उद्या चौकशी लागली तर सही ताईंची निघेल, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ताई, हे वाचत असाल तर आजच डोंगल मागून घ्या आणि पिन बदला.

टँकरचा मुद्दा थोडक्यात. चाळीसगाव, पारोळा, अमळनेर, शिंदखेडा पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर लागतोच. माणशी दिवसाला 20 लिटरचा हिशेब. 1500 वस्तीला 30,000 लिटर, म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या तीन फेऱ्या, तिसरी अर्धी. टंचाईचा ठराव तुम्ही करता, फेरीच्या नोंदवहीवर सही तुमच्या माणसाची, आणि टँकर तुमच्या भाच्याचा. अशा गावात तिसरी फेरी कागदावर भरलेली आणि विहिरीत अर्धी येते. खाजगी विहीर अधिग्रहणाचंही तसंच. सदस्याची विहीर घेऊच नये असं नाही, कधी पाणी तिथेच असतं. पण ठराव होताना त्यांनी खोलीबाहेर असावं आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जावं.

रेशन. गावच्या दक्षता समितीचे अध्यक्ष सरपंच. दुकान सरपंचांच्याच घरात असेल, तर माणशी 5 किलोत किती घट पडली आणि अंत्योदयच्या 35 किलोपैकी किती पोहोचलं, हे कोण तपासणार? समितीची बैठकच होत नाही, वाद मिटला. शहरात हेच घंटागाडी आणि वजनकाट्याच्या पावत्यांचं. त्यात जास्त जात नाही.

वेळेचा प्रश्न आम्ही वेगळा मानतो, आणि त्यात थोडा दोष व्यवस्थेचाही आहे. कापूस वेचणीच्या हंगामात सकाळी अकराला मासिक सभा ठेवली तर शेतकरी सदस्य येणार कसा? मग इतिवृत्ताचं पुस्तक घरोघर फिरतं आणि सह्या गोळा होतात, न झालेल्या चर्चेखाली. धडगाव, अक्कलकुवा भागात दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत असतं. 26 जानेवारीची ग्रामसभा मग शिक्षक आणि शाळेची मुलं यांच्या साक्षीने होते. सर्वसाधारण गावांत गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जे कमी असेल ते. ती भरली नाही की तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नको असलेले ठराव नेमके तिथेच मंजूर होतात. तुम्हाला दिवसा काम असेल तर सभा संध्याकाळी सातला घ्या, आम्ही येऊ. पण न आलेल्या सभेवर सही करू नका.

वाचणाऱ्या नागरिकांसाठी दोन शब्द, म्हणजे हे पत्र फक्त सदस्यांनाच कळेल असं होणार नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीचं नाव निवडून व्हाउचर उघडा. पैसे कोणत्या पुरवठादाराला गेले ते दिसतं. बिलाच्या प्रतीवर जीएसटी क्रमांक असतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधमध्ये टाका. मालकाचं कायदेशीर नाव, व्यवसायाचा प्रकार आणि नोंदणीची तारीख, तिन्ही फुकट दिसतात. निवडणुकीचा निकाल लागल्यानंतर महिनाभरात नोंदलेली फर्म दिसली तर थांबून विचार करा. काम मजूर सहकारी संस्थेच्या नावे असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडून संचालकांची यादी मागा. आणि माहिती अधिकारात फक्त कागद मिळतात हा गैरसमज सोडा. कलम 2 मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क स्पष्ट दिला आहे. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे 2 रुपये. अर्जात 'रस्त्याची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, क्यूब चाचणी अहवाल, रॉयल्टीच्या पावत्या, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला, असं एकेक नाव घालून मागा. रॉयल्टीची, म्हणजे वाळू-खडीसाठी सरकारला भरलेल्या शुल्काची पावती विसरू नका. गिरणा नदीतून रात्री आलेल्या वाळूला ती नसते आणि फाइल तिथेच उघडी पडते.

आता मागण्या.

1. येत्या मासिक किंवा सर्वसाधारण सभेत हितसंबंधांच्या नोंदवहीचा ठराव करा. राज्यसभेत अशी नोंदवही आहे. सदस्याला संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, कंपनीतला नियंत्रणाचा हिस्सा, सल्लागारी आणि व्यावसायिक काम, अशा पाच गोष्टी तिथे जाहीर कराव्या लागतात. आमदारकी-खासदारकीच्या उमेदवाराला शपथपत्रात जोडीदाराचे आणि अवलंबितांचे सरकारी ठेकेही लिहावे लागतात. दिल्लीत जे चालतं ते दोंडाईचा-सावद्यात का चालू नये?

2. स्वतःचा किंवा घरच्यांचा संबंध असलेला विषय निघाला की सभेतून बाहेर जा. अमुक वाजता बाहेर, अमुक वाजता आत, अशी वेळेसह नोंद करा.

3. प्रत्येक कामाच्या ठिकाणी फलक काम सुरू होण्याआधी लावा, उद्घाटनाच्या दिवशी नको. त्यावर लांबी, रुंदी, जाडी, काँक्रीटचा प्रकार, अंदाजे सिमेंटची पोती, ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्वाची शेवटची तारीख असावी. पोत्यांचा आकडा असलाच पाहिजे. गावातला कुठलाही माणूस रिकामी पोती मोजू शकतो.

4. क्यूब गावातल्या दोन साक्षीदारांसमोर भरा. ओल्या क्यूबवरच तारीख आणि साक्षीदारांची आद्याक्षरं कोरा. चाचणी शासकीय तंत्रनिकेतनात करा. शिवाय रस्त्याच्या मधोमध एक कोअर (यंत्राने कापलेला गोल तुकडा) काढून जाडी मोजा, कडेला नको.

5. डोंगल ज्याचं त्याच्याकडे.

6. टँकर, रेशन आणि घंटागाडीवर देखरेख करणाऱ्या समितीत त्या धंद्याशी संबंध असलेल्या सदस्याच्या जागी दुसरा सदस्य नेमा. सरपंच स्वतःच अडचणीत असतील तर त्यांनी तहसीलदारांना लेखी कळवावं आणि त्या बैठकीपुरतं अध्यक्षपद सोडावं.

7. आज जे सदस्य घरच्या नावे आपल्याच संस्थेचं काम करत आहेत, त्यांनी चालू काम पूर्ण करून पुढचं घेऊ नये. धंदा सोडायला आम्ही सांगत नाही. दुसऱ्या संस्थेत निविदा भरा, तिथे तुमची सही चालत नाही.

यातल्या एकाही मागणीला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. सहावीसाठी एक पत्र लागेल, चौथीसाठी कोअरचा खर्च. बाकीचं सभेच्या ठरावाने होतं. ठराव नामंजूर करायचा असेल तर तोही तुमचा अधिकार आहे. पण मतदान घ्या आणि कोण बाजूने, कोण विरोधात, ते नावांनिशी इतिवृत्तात लिहा. 'तहकूब' लिहू नका.

नोंदवहीसाठी नवीन रजिस्टर छापायची गरज नाही. दोनशे पानी वही पुरते. पानावर सात रकाने आखा: सदस्याचं नाव व प्रभाग; स्वतःचा व्यवसाय; जोडीदार, मुलं, भाऊ आणि एकत्र कुटुंबातल्यांचे व्यवसाय; फर्म किंवा संस्थेचं नाव व जीएसटी क्रमांक; या संस्थेशी असलेलं चालू काम, पुरवठा किंवा परवाना; नोंदीची तारीख; सही. बदल झाला की 30 दिवसांत नवी नोंद, जुनी खोडायची नाही. वही कार्यालयाच्या वेळात कुणालाही पाहता यावी, अर्जाशिवाय.

आपले,
खानदेशातील काही निवृत्त ग्रामसेवक, अभियंते व गवंडी